झाकणापलीकडून ‘धरला’

हे मी बायकोला आजवर सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला मर्लच्या शेजारी बसून जेवायचं नाहीये. पण शब्द न् शब्द खरा आहे.

जून १९४४. प्रशांत महासागर, भर दुपार. आमच्या अमेरिकन पाणबुडीला शत्रूचं जहाज सापडत नव्हतं, म्हणून कप्तानाने एका मच्छीमार होडीवर तोफ रोखली.

शी! जाळी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांवर तोफ!

गोळे खाली, जेवणघराच्या फळ्यांखाली. हातोहात वर जायचे. आचारी ओटिससुद्धा रांगेत.

"माझ्या बीन्स करपतायत, आणि साहेबांना बार उडवायची हौस!" तो करवादला.

शिडीवर शेवटचा मी. वरून, डेकवर उघडणाऱ्या झाकणातून हात घालून गोळा घ्यायचा माझा मेहुणा, मर्ल. नियम एकच. घेणाऱ्याने "धरला!" म्हटल्याशिवाय देणाऱ्याने सोडायचा नाही. घरी भांडं घेतानाही मर्ल "धरला!" ओरडायचा, अन् माझी बायको आर्डिथ खो खो हसायची. निघताना तिने मला बजावलं होतं, "माझ्या भावाला सुखरूप परत आण."

"धरला!"... धाड!

"धरला!"... धाड!

होडीवर कुणीतरी किंचाळत होतं.

मग हात आले... पण आवाज आला नाही.

हात ओले. बोटांना खवले चिकटलेले. अन् कुजक्या माशांचा असा भपकारा, की मी तोंड फिरवलं.

"मर्ल, बोल की रे!"

त्याने गोळा हिसकावून घेतला.

तेवढ्यात बुडी मारायचा भोंगा वाजला. विमान दिसलं होतं. तोफेवरचे सगळे धडाधड आत उतरले. शेवटी मर्ल. मी झाकण आवळलं, आणि आम्ही खाली जायला लागलो.

बाकीची पोरं कोरडी होती. मर्ल एकटाच निथळत होता.

"भिजलास कसा रे, गाढवा?"

तो नुसता हसला.

आणि झाकणावर थापा पडल्या... बाहेरून.

"धरला!... अरे, धरला!..."

मर्लचा आवाज. मग गुडगुड... मग काहीच नाही.

मर्ल माझ्या शेजारी उभा होता.

युद्ध संपलं. आर्डिथ माझ्या गळ्यात पडून रडली, "आणलंस रे माझ्या भावाला!"

आता दर रविवारी तो जेवायला येतो. मी बटाट्यांचं भांडं पुढे करतो. तो मुकाट्याने घेतो.

गेल्या रविवारी ते भांडं माझ्याकडे परत आलं... काठाला एक ओला खवला होता.

मी मागच्या दारी जाऊन ओकलो.

आत आर्डिथ म्हणत होती, "मर्ल, अजून घे ना रे."