लंडनहून परतलेली कान्नोन

पटो न पटो, रोज देवीचा जप करणारी बाई मी, खोटं लिहिणार नाही. मेइजी चव्वेचाळीस, म्हणजे १९११ साल. जपानातल्या नारा शहराजवळचं एक लहान संग्रहालय. नोव्हेंबरातली दुपार, लख्ख ऊन.

आदल्या वर्षी आमच्या देवळातली कान्नोन देवी लंडनच्या प्रदर्शनाला गेली होती. मूर्ती हलवण्याआधी तिच्यातले प्राण काढायचे, परतली की पुन्हा घालायचे, ही आमची रीत. र्योकाई गुरुजींनी प्राण एका आरशात उतरवले आणि आरसा रेशमात गुंडाळून ठेवला.

मूर्ती परतली. पण देवळात नाही, थेट संग्रहालयाच्या काचेत.

रिकामीच.

सात महिने मी संग्रहालयाच्या हायामीसाहेबांकडे खेटे घातले.

"हायामीसाहेब, विधी तेवढा करू द्या."

"बाई, आमच्या नोंदीत ते लाकूड आहे. लाकडात प्राण घालायला कुठला अर्ज लावू?"

अर्ज केला. शिक्का पुसट निघाला. पुन्हा केला. साहेब रजेवर.

आणि दर खेपेला दिसायची... काचेवर आतून धरलेली वाफ.

"लाकूड ओलं असेल," साहेब म्हणाले.

"सहा महिने?"

"लंडनची हवा खाऊन आलंय ना!"

शेवटी परवानगी मिळाली. विधी एकदाच करायचा, मग मूर्ती देवळात न्यायची.

काच काढली. गुरुजींनी आरसा उघडला. मंत्र म्हणत, प्राण घालायचा कुंचला मूर्तीच्या डोळ्यांपाशी नेला...

मंत्र थांबला.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येईना.

"गुरुजी?"

"तोसे... आत जागा नाही."

"म्हणजे?"

"कुणीतरी आधीच बसलंय."

"आटपा हो, मला कुलूप लावायचंय!" हायामीसाहेब करवादले. त्यांनी कागदावर शिक्का मारला.

विधी पूर्ण.

मी पुन्हा अर्ज केला. झालेल्या विधीला दुसरी परवानगी नाही, असं उत्तर आलं. गुरुजी आरसा उराशी धरून बसतात.

मूर्ती आता देवळात आहे. बायका हौसेनं तान्ही मुलं तिच्या पायाशी ठेवतात. मी हात जोडून अडवते.

"का हो तोसेबाई, देवी काय तुमच्या एकटीची?"

काय सांगू त्यांना?

परवा शेजारच्या ओमित्सूनं तिचं आठ महिन्यांचं बाळ ठेवलं. आकांतानं रडत होतं.

एकदम गप्प झालं...

त्यानं मूर्तीकडे टक लावून पाहिलं. आणि कुणी काही विचारल्यासारखी... होकारार्थी मान हलवली.

ओमित्सू कौतुकानं हसली.

काय विचारलं असेल? माझा जप तिथेच चुकतो.