दोन भिंतींमधलं अंतर

मागवाडीत भिंतीला खिळा ठोकणं गुन्हा होता. घड्याळ, देवाची तसबीर, पोरांची दप्तरं, सगळं छताला टांगायचं. कारण यंत्रमाग कामगारांच्या या वसाहतीतली प्रत्येक भिंत 'साठभिंत' होती, म्हणजे वीज साठवणारी भिंत. दिवसा उन्हापासून मिळालेली वीज या भिंतींत भरायची आणि रात्रपाळीला तिच्यावर माग चालवायचे. साहेबांचे बंगले मात्र साध्या विटांचे होते, हे वेगळं सांगायला नको.

नागपंचमीला सुरेखा म्हेत्रेनं भिंतीवर हळदीचा नाग काढला आणि त्याला दूध वाहिलं. ओघळ खाली उतरून तळाच्या सांध्यात शिरला. कडाडून ठिणगी पडली आणि सुरेखाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. साठवण महामंडळानं लगेच जाहीर केलं की हा अंधश्रद्धेमुळे झालेला अपघात आहे, भिंत निर्दोष आहे. संध्याकाळी भिंती पुन्हा भरल्यासुद्धा! पोळलेली बाई दवाखान्यात, आणि घरात तिची पोरं त्याच भिंतीला लागून झोपलेली.

"भिंती रिकाम्या करा, एवढंच मागतोय आम्ही," सुरेखाची सासू गोदाक्का म्हणाली. कामगारांनी बोलावलेल्या डॉ. वसुधा बिडकर विद्युतशास्त्र शिकवायच्या. त्या सांध्यापाशी उकिडव्या बसून बघत होत्या. "बाई, ह्या भिंतीत हाय तरी काय?" गोदाक्कानं त्यांना विचारलं.

"दोन पत्रे, आक्का. समोरासमोर. मध्ये केसाहून बारीक पापुद्रा."

"मग वीज पत्र्यात असंल."

"नाही, ऊर्जा सगळी मधल्या पापुद्र्यात. तुमच्या नागपंचमीच्या दिंडासारखं. पारीत गोडी नसते, पुरणात असते. दुधानं दोन्ही पत्रे जोडले गेले आणि सगळी ऊर्जा एकदम बाहेर पडली."

"पर साहेब म्हंत्यात, घनता का काय ती लई कमी हाय, म्हून धोका न्हाई."

ऊर्जाघनता म्हणजे एवढ्याशा जागेत किती ऊर्जा कोंबली आहे ते. पत्र्याचं क्षेत्रफळ गुणिले दोन पत्र्यांमधलं अंतर, ही झाली जागा. एकूण ऊर्जेला या जागेनं भागायचं. शाळेतल्या पोराला जमेल असा हिशेब. वसुधाबाईंनी तो केला, आणि उत्तर महामंडळाच्या आकड्याच्या हजारो पट आलं. आपलंच चुकलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा केला. मग त्यांचं लक्ष डावीकडच्या भिंतीकडून उजवीकडच्या भिंतीकडे गेलं, आणि त्यांचं डोकं सणकलं.

अपघाताच्या सुनावणीत त्या महामंडळाचे मुख्य अभियंता पारसनीसांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हाही त्यांचा राग उतरला नव्हता.

"तुम्ही डावी भिंत हा एक पत्रा धरलात आणि उजवी भिंत दुसरा! पापुद्र्याची जाडी घ्यायची तिथं अख्ख्या खोलीची रुंदी घेतलीत. या लोकांच्या राहत्या जागेनं भागाकार केलात, म्हणून घनता कमी आली!"

"म्हंजे," गोदाक्का मागून ओरडली, "सगळा गूळ एका दिंडात कोंबायचा, आन् सांगायचं, अख्ख्या घरात मिळून कितीसा हाय! लाज वाटत न्हाई?"

पारसनीसांना अजिबात लाज वाटली नाही. त्यांनी शेजारच्या वकिलाच्या कानाला लागून काही विचारलं, मग घसा साफ केला.

"मान्य. मंजूर आराखड्यात खोली हेच दोन पत्र्यांमधलं अंतर आहे. म्हणजे खोली हा उपकरणाचाच भाग झाला. आणि त्या अंतरात जे असतं, त्याला आमच्या नियमांत 'माध्यम' म्हणतात."

"त्या अंतरात माझी सून व्हती."

"तेच म्हणतोय मी. माध्यमाला इजा झाली तर माध्यम बदलावं, असा नियम आहे. भिंती रिकाम्या करण्याचा नियम नाही."

वसुधाबाई टेबलावर हात आपटून बोलत राहिल्या. कुणी ऐकलं नाही. चूक सिद्ध करायला गेलेल्या बाईनं महामंडळाला पळवाटच काढून दिली होती, आणि ते वसुधाबाईंच्या जिव्हारी लागलं.

म्हेत्र्यांना खोली सोडावी लागली. सामान हलवताना दारात नवं बिऱ्हाड येऊन थांबलं होतं. दोन लहान पोरं, कडेवर तिसरं. भिंतीवरचा हळदीचा नाग अजून तसाच होता.

"बाई," गोदाक्का त्या नव्या बाईला म्हणाली, "पोरास्नी भिंतीपासनं लांब निजवत जा."

बाईनं या भिंतीकडे पाहिलं, त्या भिंतीकडे पाहिलं.

"लांब म्हंजे कुठं, आक्का? खोली तर एवढीच हाय."