पाचवा टेक

मालिकेतल्या कोर्टात चोरी झाली होती, आणि चोरीला गेलं होतं आठ मिनिटांचं रडणं.

"उद्या शेवटचा भाग जायचाय," दिग्दर्शक वहिनींना म्हणाला. "काल पाच टेक घेतले. चार जागेवर आहेत, पाचवा कुणीतरी पुसला. नेमका तोच!"

वहिनी खासगी तपासनीस. त्यांची पिशवी सांभाळत मागोमाग हिंडणारे भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर; डोकं बेताचं, पण या मालिकेचा एकही भाग त्यांनी चुकवला नव्हता. तीस वर्षं लोकांना हसवणारे दादा यात खुनाचा आरोप असलेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या मास्तरांचं काम करत होते. भाऊजी दर भागाला डोळे पुसत.

"असं काय होतं त्या टेकमध्ये?" वहिनींनी विचारलं.

"दादांनी संहिता गुंडाळूनच ठेवली. पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, 'मला काही आठवत नाही. पोरीला बोलवा, मला घरी न्या.' अंगावर काटा आला हो! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

सरकारी वकील झालेली नटी एरवी पडद्यावरची सोशिक आई. इथे मात्र ती साक्षीदारांची सालटी काढायची.

"राग आला होता, खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "माझा सगळा सीन खाल्ला त्यांनी. पण मला घरचा रिमोट कळत नाही, ते टेक साठवायचं मशीन काय कळणार?"

"हीच ती," भाऊजी कुजबुजले.

"भाऊजी, जरा दमानं."

दादा मेकअपच्या खोलीत होते. "चोरी? माझं काय चोरणार, टक्कल?" ते हसले. काल काय बोललात, असं विचारताच त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं. "हिला विचारा. वही तिची." जेवलात का, या प्रश्नालाही त्यांनी आधी तिच्याकडेच पाहिलं.

मुलगी सेटवरची वहीवाली. कुठल्या टेकला कोणता शब्द बदलला, कुणाच्या हातात काय होतं, हे टिपणं तिचं काम. संकलक त्या वहीवरच विसंबून असे. वहिनींनी पान वाचलं. टेक तीन: चष्मा डाव्या हातात. टेक चार: एक शब्द गाळला. टेक पाच: संहितेप्रमाणे, बदल नाही.

वहिनींनी वही मिटली. दादांना खोलीतच बसवून त्यांनी बाकीच्यांना कोर्टाच्या सेटवर बोलावलं.

"मास्तरांचं लग्नच झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मग 'पोरीला बोलवा' कसं? मुलगी आहे ती दादांना. काल मास्तर रडतच नव्हते. आपण कुठे आहोत हे दादांना कळेना, म्हणून दादा रडत होते."

वहिनींनी वही पुन्हा उघडली.

"एक गळालेला शब्द टिपणारी बाई, सगळं भाषण बदललं तरी 'बदल नाही' लिहिते? पाचवा टेक चौथ्यासारखाच, असं वही वाचून संकलकाला वाटलं की त्याला कुणी शोधणार नाही, चौथाच वापरतील. पण दिग्दर्शकांना तो विसरता आला नाही."

मुलीनं वही त्यांच्या हातातून काढून घेतली. "वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. चौथ्यापर्यंत कसंबसं निभावलं हो त्यांनी. पाचव्याला ते तिथे नव्हतेच, आणि तुम्ही टाळ्या पिटत होतात! जगानं त्यांना तसं बघायचं? शुद्धीवर असते तर त्यांनी स्वतःच पुसला असता."

"पाचवा?" दारातून आवाज आला. दादा केव्हा आले, कुणाला कळलं नव्हतं. "काहीतरीच काय! मी चारच दिले. हवा असेल तर आत्ता देतो की."

ते ऐटीत पिंजऱ्यात चढले, कठडा धरला, पहिलं वाक्य खणखणीत म्हणाले. मग थांबले. रिकाम्या बाकांकडे, काळ्या कोटातल्या नटीकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा हळूहळू घाबरत गेला.

भाऊजींना भडभडून आलं. आपण हे काम घ्यायलाच नको होतं, असं त्यांना वाटलं. वहिनींकडे पाहिलं, तर त्यांनीही मान खाली घातली होती.

"पोरीला बोलवा," दादा म्हणाले.

मुलगी पिंजऱ्याकडे धावली. दिग्दर्शकानं तिचा दंड धरला.

"दोन मिनिटं," तो हलकेच म्हणाला. "कॅमेरा चालू आहे."