उलटे चिकटवलेले कागद

त्या दुपारी मी फक्त रद्दी आणायला गेले होते. शहागंजच्या मागच्या एका गल्लीत जब्बारचाचा पुस्तकं बांधायचे, आणि बांधणीतून उरलेली जुनी उर्दू पानं माझ्यासाठी एका गोणीत टाकून ठेवायचे. मी जलरंगात चित्रं काढते आणि त्यांवर असे कागदाचे तुकडे चिकटवते. छावणीतल्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेला वेळ हा उद्योग करायचा. लोक म्हणत, हे काय बाई, ठिगळं लावलेली चित्रं? मी म्हणे, मी तरी कुठं अखंड आहे?

ते थट्टेनं म्हटलं तरी खोटं नव्हतं. माझी माय द्वारकाबाई. पैठण रस्त्यानं चितेगावच्या पुढं तिचं शेत. पण मी तिच्या पोटची नाही. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या त्या भाद्रपदात, खेड्यापाड्यांत माणूस माणसाला भीत होता तेव्हा, एक मुसलमान बाई मागच्या दाराशी आली आणि तीन महिन्यांची मी, मला मायच्या हातात देऊन गेली. ती पुन्हा आली नाही. मी अठराची झाले तेव्हा मायनं मला एवढं सांगितलं. तिचा चेहरा कसा होता विचारलं की उत्तर ठरलेलं, "आठवत नाय." आणि हीच माय वीस वर्षांपूर्वी विकलेल्या म्हशीच्या कपाळावरचा चांद कसा होता ते सांगायची.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी स्वतःचं चित्र करायला घेतलं. अर्धा चेहरा माझा, अर्धा तिचा. माझा अर्धा झाला. तिच्या जागी काय काढणार? न पाहिलेला चेहरा काही सुचत नव्हता. शेवटी मी त्या जागी त्या दुपारी आणलेल्या रद्दीतल्या उर्दू पानांचे तुकडे लावत गेले. खळ मी घरीच करते, मैद्याची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून. एकदा वाळली की कागद फाटेल पण निघायचा नाही.

दोन दिवसांनी जब्बारचाचा आणखी पानं घेऊन आले. चित्र पाहिलं आणि हसायलाच लागले.

"अगं बेटी, सगळं डोक्यावर उभं केलं की तू! ही सुरई बघ. वाचणाऱ्याची मान मोडंल."

एका तुकड्यावर मुलांच्या पुस्तकातली सुरई छापलेली होती, तीही उलटी आहे हे मला दिसलं नव्हतं. मला उर्दूचं एक अक्षर येत नाही. जिच्या पोटी जन्मले तिची लिपी मी उलटी लावली, या विचारानं तोंड कडू झालं. पण माझा स्वभाव हट्टी. म्हटलं, "राहू द्या चाचा. मला येत नाही तर उलटंच खरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून उठले, तर सुरई सरळ उभी होती.

चाचांनी गंमत केली म्हणावं तर ते आले नव्हते, आणि दार मीच लावलं होतं. तुकड्याची कड कुठं उचकटलेली नव्हती. मनाशी म्हटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, काल नीट बघितलं नसेल. तरी परीक्षा पाहायची ठरवली. उरलेल्या तुकड्यांवरून बाजूच्या कागदापर्यंत निळ्या रंगाचा एक पातळ हात सलग फिरवला. आता तुकडा हलला तर रंग तुटणारच.

मेमधली छावणीतली दुपार ज्यानं ऐकली नाही त्याला शांतता कळायची नाही. घारीचं ओरडणं थांबलं की काहीच उरत नाही. चित्र बाहेरच्या खोलीत होतं, मी आतल्या खोलीत सतरंजीवर पडले होते. दाराला फट ठेवली होती. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर बारीक आवाज झाला. नखानं कागदाची कड उचलावी तसा. मग थांबला. मग तळव्यानं कागद हळू दाबल्याचा. आणि वास आला, ओल्या मेंदीचा. माझ्या घरात मेंदी कधीच नव्हती.

"कोण... कोण आहे?"

आवाज थांबला. मला वाटलं, गेलं. पण थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला, घाई न करता. घरातलं माणूस पसारा आवरतं तसं कुणीतरी आवरत होतं. मी उठले नाही, खोटं कशाला सांगू.

ऊन कलल्यावर बाहेर आले. सगळे तुकडे फिरले होते, आणि माझा निळा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होता. त्या उन्हाळ्यात ब्रश उचलायच्या आत रंग वाळायचा, पण ती अर्धी बाजू हाताला ओली लागली.

मी जब्बारचाचांना बोलावलं. ते एकेका तुकड्यावर बोट ठेवून वाचत गेले. हसले नाहीत.

"सगळं सुलट झालंय, बेटी. मी हात नाय लावला..." मग हलक्या आवाजात म्हणाले, "ज्याला वाचता येतं ना, त्याला उलटा कागद बघवत नाय."

त्या रात्री मी शेजारी आशाबाईंकडे झोपले, आणि सकाळच्या गाडीनं मायला निरोप धाडला. मला भुताची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की ती मला शोधत आली असेल तर मी आता कुणाची?

माय दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, ठेचा. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि तिथंच थिजली.

"आवडे... ही इथं कशी आली?"

"कोण माय?"

"हीच. हेच कपाळ, हीच हनुवटी. तुला कुणी दावली?"

मी मागं सरकत तिच्याशेजारी गेले आणि पाहिलं. सरळ उभ्या राहिलेल्या अक्षरांचे काळे-पांढरे पुंजके एकमेकांत मिसळून भुवया झाल्या होत्या, नाक झालं होतं, किंचित उघडे ओठ झाले होते. इतके दिवस मी त्या कागदाला नाक लावून बसले होते आणि मला दिसली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. जिला अठराव्या वर्षापासून शोधत होते ती माझ्याकडं बघत होती, आणि मला रडू फुटलं.

माय मात्र आत येईना.

"तुला म्हनले आठवत नाय. खोटं बोलले. रोज आठवती. तिनं तुला एकटीला नव्हतं दिलं गं... दोघींना घे म्हनली. तुझा बाप रानात, घरात मी एकटी, लई भ्याले. तुला ओढून घेतलं अन् तिच्या तोंडावर दार लावलं. ती बाहेरून म्हनली, 'शामकू आती मैं, बच्ची को लेने.' तवापासून दिवस मावळला की मी दाराला कडी लावती. आली तर तुला घिऊन जाईल."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "माय, तू मला घेतलंस. म्हणून मी आहे."

ती उंबऱ्यातून बाजूला सरकली, चौकटीला पाठ लावून उभी राहिली. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला वाट द्यावी तशी. पदर सावरून रस्त्याकडं बघत म्हणाली,

"ये बाई... आत ये. लई उशीर केला मी. पन पोरगी माझी हाय... तिला नेऊ नको."

रस्त्यावर कुणी नव्हतं. पण मेंदीचा वास माझ्या अंगावरून आत गेला.

माय थकली होती. चित्रासमोर सतरंजीवर आडवी झाली, लगेच तिचा डोळा लागला. मी स्वयंपाकघरात पिठलं करायला गेले. स्टोव्हपाशी उभी राहून मी मनातल्या मनात त्या दोघींचे आभार मानत होते. एकीनं मला सोडलं म्हणून वाचले, दुसरीनं धरलं म्हणून वाढले. कुणाचंच देणं फिटणार नव्हतं, आणि फिटावं असं वाटतही नव्हतं.

पिठलं घेऊन बाहेर आले तेव्हा माय जागी होती. चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता.

"कशी झोप लागली बघ. किती वेळ डोक्यावरून हात फिरवीत बसलीस गं. लई गार हायेत तुझे हात."

माझे हात स्टोव्हच्या धगीनं तापले होते, बोटांना बेसन वाळलं होतं. मी म्हटलं, "पाण्यातलं काम ना माय. गारच असतात."

"बरं वाटलं," ती म्हणाली, आणि जेवायला सरकून बसली. मी वाढायला तिच्या मागून वळले. मायचे पांढरे केस मी जन्मभर बुचड्यातच पाहिले. आता तिच्या पाठीवर शेवटपर्यंत घट्ट गुंफलेली, ओलसर वेणी होती.