गुलाम रसूलची बत्ती

गार्गे, तो मोबाईल आधी पालथा ठेव. आजची गोष्ट बत्तीची आहे आणि ती सांगताना मला समोर उजेड चालत नाही. श्रेयस, तू नीट टेकून बस. मध्येच 'अनंतकाका, हे खरं का' असं विचारायचं नाही. ज्याच्यावर बेतली तो ज्ञानेश्वर आपल्या खालच्या खोलीत चार वर्षं राहिला आहे. तुम्ही त्याला पाहिलंय. शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावलेली असते, तोच.

तर, चोवीस नोव्हेंबर. रविवार, कार्तिक वद्य नवमी. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, उगाच मीठमसाला लावणारा मी नाही. दुपारी चारच्या सुमारास ज्ञानेश्वर खामगावच्या बाजारात क्रेनची नवी तार घ्यायला आला होता. तार म्हणजे पोलादी दोरच, अंगठ्याएवढा जाड. हा मूळचा पिंपळगाव राजाचा. क्रेन चालवावी तर त्यानेच. लोक म्हणायचे, हा गडी क्रेनने उतरंड उचलेल पण मडकं फुटू देणार नाही.

तार कशाला हवी होती, ते ऐका. ऑगस्टच्या पुरात पूर्णेवरचा एक जुना पूल मधोमध कोसळला. गावाचं नाव सांगत नाही, तिथे माझे सोयरे आहेत. पलीकडच्या लोकांना फेऱ्याची वाट पन्नास किलोमीटरची, तीही सगळी खड्ड्यांची. म्हणून मोटरबोट आणली. पण बोटीला पुरेल एवढं खोल पाणी एकाच ठिकाणी, मधल्या दोन खांबांच्या मध्ये, आणि पुलाचा तुकडा नेमका तिथेच आडवा पडलेला. त्याच्या सळया पाण्याखाली भाल्यासारख्या उभ्या. पहिल्याच दिवशी बोटीचं पोट फाटलं. मग चार माणसांची डोंगी तेवढी बांबूने ढकलत कशीबशी जायची. दिवसभर तिची ये-जा असे, म्हणून वाट मोकळी करायचं काम रात्रीच चाले. काठावर भराव घालून क्रेन उभी केली होती.

त्या वाटेची घाई सगळ्यांनाच होती, पण ज्ञानेश्वरला जास्त. त्याची धाकटी बहीण कोकिळा पलीकडच्या गावात दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पोरीला धक्के बसू देऊ नका. म्हणजे खड्ड्यांचा रस्ता नको आणि डुगडुगणारी डोंगीही नको. भाऊबीजेलाही तिला आणता आलं नव्हतं. आईबापांच्या मागे तिला माहेर म्हणजे हा एकटा भाऊ.

आता गुलाम रसूल. हा खामगावचाच, साठीला आलेला. उचलायच्या वस्तूला तार बांधायची आणि क्रेनवाल्याला इशारा द्यायचा, हे त्याचं काम. क्रेनवाल्याला खालचं नीट दिसत नाही रे. तो बघतो फक्त इशारा देणाऱ्याकडे. गुलाम रसूलचे वडील जलंबला रेल्वेत होते. त्यांची तीन रंगांची, सेलवर चालणारी हातबत्ती याने जपून ठेवली होती. पुढची कडी फिरवली की रंग बदले. हिरवा म्हणजे उचल, पांढरा म्हणजे उतरव, लाल म्हणजे थांब. ज्ञानेश्वरला हे काम शिकवलं तेही त्यानेच. पहिल्या दिवशी त्याने सांगून ठेवलं होतं, "ज्ञानू, लाल दिसला का क्रेनच्या दांडीवरचा हात उचलाचा. मंग समोर तुई माय बुडत असली तरी."

पाच नोव्हेंबरच्या रात्री तो तुकडा पाण्याबाहेर हातभर आला आणि बत्ती लाल झाली. तारेचा एक पदर तुटताना गुलाम रसूलने पाहिला होता. ज्ञानेश्वरने लाल पाहिला. स्वच्छ पाहिला, त्यात काही शंका नको. पण अजून हातभर ओढलं की वाट मोकळी, आणि उद्या कोकिळा घरी. त्याने दांडी सोडली नाही. उलट ओढली.

तार तुटली. ताणलेली पोलादी तार तुटली की ती कुठे जाईल याचा नेम नसतो. ती आडवी फिरली आणि गुलाम रसूलचा उजवा हात खांद्यापासून उपटून घेऊन गेली, बत्तीसकट. म्हातारा दोन पावलं चालला. मग गुडघ्यांवर बसला. ज्ञानेश्वर उडी मारून धावला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रक्त इतकं जोरात येत होतं की दोन्ही तळवे लावूनही ते आवरेना. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि एवढंच विचारलं, "लाल होती ना बे, ज्ञानू?"

उत्तराची वाट बघतच म्हातारा गेला.

हात सापडला नाही, बत्तीही नाही. बत्तीचं तोंड क्रेनकडे असायचं, बाकीची माणसं मागच्या बाजूला. तेव्हा रंग पाहिलेला माणूस एकच उरला होता. पंचनाम्यात त्याने सांगितलं, हिरवी होती. झालं. म्हातारा थकला होता, नजर गेली होती, चुकला आणि त्या चुकीची किंमत स्वतःच्या जिवाने मोजून गेला, असं ठरलं. मी ज्ञानेश्वरला भेकड म्हणतो. मागून नाही, तोंडावर म्हणतो, आणि तो मान खाली घालून ऐकून घेतो.

तर त्या रविवारी नवी तार घेऊन तो दुकानाबाहेर आला, आणि समोर नजमुन्निसा उभी. गुलाम रसूलची बायको.

"ज्ञानू बेटा, एक विचारते तुले," ती म्हणाली. "लोक मनतात, तुया चाचा अंधळा झाला होता. चाळीस साल काम केलं त्यानं. कोणाच्या नखाले धक्का नाई लागू देल्ला. अल्लाले हाजिर मानून सांग. बत्ती कोणती होती?"

ज्ञानेश्वर हातातल्या तारेकडे बघत राहिला. खरं बोलायची ती वेळ होती, पोरांनो. रस्त्यात उभी राहून बाई विचारत होती. रडत नव्हती, भांडत नव्हती.

"हिरवी होती, चाची."

"हिरवी."

"हाव."

ती म्हणाली, "तो मंग तुले हिरवीच दिसो." आणि निघून गेली. तिने शाप दिला असं कोणी म्हणू नका. ती शाप देणारी बाई नाही. मी तिला ओळखतो.

रात्री दहाला काम सुरू झालं. गुलाम रसूलच्या जागी आता गंधार नावाचा तरुण इंजिनिअर उभा होता. त्याच्याकडे दोन नव्या बत्त्या, एक लाल, एक हिरवी. थंडी होती. तार बांधायलाच बारा वाजले. साडेबाराच्या पुढे चंद्र उगवला. दोन वाजून दहा मिनिटांनी गंधारने हिरवी दाखवली आणि तुकडा चिखलातून सुटला.

वर आला. पाणी गळत होतं. सळयांना शेवाळ, चिंध्या, कुणाची तरी एक चप्पल.

तेवढ्यात ज्ञानेश्वरला पाण्याखाली उजेड दिसला.

खांबापाशी. खोल. हिरवा.

त्याला वाटलं, गंधारच्या बत्तीचं प्रतिबिंब असेल. पण गंधार काठावर होता आणि उजेड हलत होता. हळूहळू. क्रेनच्या दिशेने. काठाशी आला, आणि विझला.

ज्ञानेश्वरने गंधारकडे पाहिलं. हिरवी बत्ती. त्याने ओढलं.

गंधार बत्ती जोरजोरात हलवत होता. तोंड उघडं. काहीतरी ओरडत होता, इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना. तुकड्याचं टोक खांबाला अडकून तार ताणली होती. मागची माणसं पळत होती. वाट फुटेल तिकडे पळत होती.

बत्ती हिरवी होती.

हिरव्या बत्तीला माणसं पळत नाहीत... एवढं त्याला कळत होतं. समोरच्या मीटरच्या काट्यांमधला लाल दिवा त्याने पाहिला. हिरवा. वर चंद्र. हिरवा. त्याने डोळे गच्च मिटले.

आतही हिरवंच.

'सोड,' त्याने स्वतःला सांगितलं. 'सोड दांडी.'

हात उचलेना.

हातावर काहीतरी होतं. गार. ओलं. जड. त्याने डोळे उघडले. त्याच्या हातावर एक हात होता. सुजलेला, पांढराफटक, नखांत गाळ. मनगट. कोपर. दंड. खांद्याशी चिंध्या. आणि त्याच्या पुढे...

पुढे काही नव्हतं.

त्या हाताने दांडी ओढली. ज्ञानेश्वरची बोटं खाली चिरडत होती. तो ओरडला. स्वतःचा आवाज त्याला आला नाही. कानाशी दुसराच आला. रोजचाच. शिकवताना असायचा तसा.

"हिरवी होती ना बे, ज्ञानू?"

...

तार तुटली.

केबिनची काच फोडून आत आली. त्याच्या उजव्या कोपराला तिने दोन वेढे घेतले. तिकडे तुकडा खाली कोसळला आणि तारेने कोपरापासून हात ओढून नेला. आधी हाड मोडल्याचा आवाज आला, दुखलं मागून. शुद्ध जाण्याआधी त्याने आपला हात पाण्यात पडताना पाहिला. बोटं हलत होती.

तुकडा मात्र पडता पडता कलंडला आणि खांबामागच्या डोहात गडप झाला. बोटीची वाट मोकळी झाली. ज्यासाठी दोन माणसांचं रक्त सांडलं, ते काम एका झटक्यात झालं.

सकाळी सात वाजता पहिली बोट पलीकडून निघाली. तिच्यात कोकिळा होती. भावाला जरा लागलंय, दवाखान्यात नेलंय, एवढंच तिला सांगितलेलं. बोट दोन खांबांच्या मध्ये आली, आणि नावाड्याने इंजिन बंद केलं.

"पाण्यात उजेड हाय," तो म्हणाला.

ऊन वर आलं होतं. तरी दिसत होता. लाल. अगदी लाल.

त्याने बांबूची आकडी पाण्यात घातली. जड लागलं. वर आला तो एक हात, कोपरापासून तुटलेला. मनगटात तांब्याचं कडं. ते कडं कोकिळेनेच भावाला दिलं होतं. ती किंचाळली नाही. कुणी अडवायच्या आत तिने तो हात पदरात घेतला.

मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीत गुलाम रसूलची बत्ती होती. एकोणीस दिवस पाण्यात राहिलेली, आणि पेटलेली.

कोकिळा वेळेवर दवाखान्यात पोचली. त्याच दुपारी तिला मुलगी झाली, सुखरूप. संध्याकाळी हवालदार ज्ञानेश्वरचा जबाब घ्यायला आला. बत्ती त्याने पिशवीतून आणली होती, कारण ती विझतच नव्हती. कडीही फिरत नव्हती, लालवर अडकून बसलेली.

"रात्री काय झालं ते सांग," हवालदार म्हणाला.

"रातचं मंग सांगतो. आधी पाच तारखेचं लिवा," ज्ञानेश्वर म्हणाला. "चाचाची बत्ती लाल होती. म्या पाह्यली होती. तरी म्या ओढलं."

हवालदाराने लिहून घेतलं. मान वर करून पाहतो तो बत्ती विझलेली.

ती आता नजमुन्निसाकडे आहे, खिडकीतल्या फळीवर. मार्चमध्ये ज्ञानेश्वर तिची माफी मागायला गेला, तेव्हा सोबत मी होतो. एकट्याने जायची त्याची छाती नव्हती. तिने चहा दिला. माफी दिली की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझीही हिंमत झाली नाही. निघताना मी ती बत्ती हातात घेतली आणि मागचं झाकण उघडून पाहिलं. चार महिने ती त्या खिडकीत उन्हात पडली होती.

आत सेल नव्हते. नदीचा गाळ होता, आणि तो ओला होता.