खेळ मोडायचा नाही

रविवारी जेवणं आटोपल्यावर ज्ञानदाने स्कूटरच्या हुकला पिशवी अडकवली आणि ती आचोळ्याहून भुईगावला निघाली. पिशवीत शाल होती, पुस्तकांचा गठ्ठा होता आणि चौकटीत बसवलेलं मानपत्र होतं. काम साधं होतं. 'उंबरठा'चं यंदाचं बक्षीस विजेत्याच्या हातात द्यायचं, फोटो काढायचा, चहा मिळाला तर घ्यायचा आणि परत यायचं. कुरियरने धाडलं असतं तरी चाललं असतं. पण विजेता वसईतलाच निघाल्यावर ज्ञानदाला घरी चैन पडणार होय!

'उंबरठा' हा फोनवरचा ग्रुप. भुतं, परग्रह, उलटा वाहणारा काळ, असल्या न घडणाऱ्या गोष्टींचं वेड असलेली चार-पाचशे मराठी माणसं तिथे जमत. ज्ञानदाने तो सुरू केला आणि तीच तो चालवत होती, तेही घरातल्या थोरल्या सुनेच्या दराऱ्याने. कुणाच्या कथेत भूत भिंतीतून आरपार गेलं की ती विचारायची, "मग ते जमिनीतून खाली का पडत नाही?" भले भले तिच्यापुढे नांगी टाकत.

ग्रुपमध्ये 'अनुभव' नावाचं एक सदर होतं आणि त्याचा नियम तिचाच. तिथे जे लिहिलं जाईल ते खरंच घडलं असं धरून चालायचं. खाली आधी 'विश्वास आहे' असं लिहायचं आणि मग पुढे बोलायचं. सल्ला द्यायचा तोही खरं समजून. "खरंच का हो?" असं जो विचारेल तो त्या क्षणी ग्रुपबाहेर. नाटक रंगात आलं असताना प्रेक्षकांतून उठून कुणी "दाढी खोटी आहे" म्हणून ओरडतं का? नाही ना? मग खेळ मोडायचा नाही. नेत्रा नावाची तिची मदतनीस हा नियम इतक्या निष्ठेने पाळायची की सुरुवातीला तिने स्वतःच्या मामेभावालाही हाकललं होतं.

आणि या सदरात यंदा एका लेखकाने कहर केला होता. नाव लावलं होतं चंद्रकांता चुरी. ज्ञानदाची खात्री होती की हे टोपणनाव आहे आणि मागे कुणीतरी पंचविशीतला हुशार मुलगा लपलाय. कारण लिहिण्याची तऱ्हाच तशी होती. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, एका दमात सगळं. नवरा वारला आहे. म्हातारी एकटी आहे. नवऱ्याला सवय होती, बायको काहीही बोलली की "हं" म्हणायचं. आता दुपारी ती बागेत स्वतःशी बोलते, तेव्हा विहिरीकडून "हं" येतं. बस्स, एवढंच. आणि शेवटी एक प्रश्न, 'काय करू सांगा'.

ग्रुप वेडा झाला. 'विश्वास आहे, विश्वास आहे' असे शेकडो उद्गार खाली लागले. कुणी म्हणालं, विरामचिन्हं टाळून एकाकीपण दाखवण्याचा हा प्रयोग थोर आहे. ज्ञानदाला मात्र गोष्टीत एक उणीव दिसली. भूत नुसतं हुंकार देत बसलं तर भीती कुठून येणार? म्हणून तिने सल्ल्याच्या मिषाने गोष्टीला धार लावून दिली. तिने लिहिलं, 'काकू, त्याच्याशी बोलत राहा. गप्प बसू नका. बोलणं थांबलं की ऐकणारा जवळ येतो.'

पुढच्याच भागात तो जवळ आला. चंद्रकांताने लिहिलं होतं की काल जरा डोळा लागला आणि हुंकार चाफ्याखालून आला. मग तो पायरीवर आला, मग ओट्यावर. दर वेळी तोच प्रश्न, 'काय करू सांगा'. दर वेळी तेच शेकडो 'विश्वास आहे'. ज्ञानदाने शेजारणीला फोन दाखवत म्हटलं होतं, "बघा, नियम माझा, आणि पोराने सोनं केलं त्याचं!" बक्षीस कळवल्यावर उत्तर आलं होतं, 'या लवकर या'.

सोपारा मागे टाकून गासच्या रस्त्याला लागल्यावर हवा बदलली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्येच एखादी चाफ्याची रांग, आणि दूरवरून येणारा खारा वारा. भुईगावच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तरी पाय टेकवावा लागे. दुकानाच्या फळीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याला तिने पत्ता विचारला.

"चुरींची चंद्रकांता?" तो म्हणाला. "ती बोलनारी?"

"म्हणजे... खरंच आहेत त्या?" ज्ञानदाच्या तोंडून निघून गेलं.

"खऱ्या नसायला काय झालं? सरळ जावा. क्रूस लागंल, तिथून डाव्या हाताला. म्हंजे आवाजच येईल."

"कसला आवाज?"

"तिचाच," म्हातारा म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

क्रुसापाशी स्कूटर बंद करताच तो आवाज आला. फुटलेल्या नळासारखा खरखरीत, बाईचा, आणि सलग. बागेतून वाट काढत ज्ञानदा कौलारू घरापाशी पोचली. ओटा ओलांडून तिने आत डोकावलं. खाटेवर एक सुकलेली म्हातारी बसली होती. शेजारी तांब्या, मांडीवर फोन. ती समोरच्या रिकाम्या दाराकडे बघत बोलत होती.

"...आणि मग कमळीच्या लग्नात भात कमी पडला, तवा तुमीच तर मोठं पातेलं आनलंत, आठवतं ना, आणि ये गं बाय, आत ये, बस, थांबू नको दारात, दारात तो हाय, तर पातेलं आनलंत आणि..."

ज्ञानदा दारातून चटकन बाजूला झाली. का झाली ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्या न थांबणाऱ्या बोलण्यातूनच तिला सगळं कळत गेलं. म्हातारीला लिहिता येत नव्हतं. पुण्याच्या विनया नावाच्या भाचीने तिला फोनमध्ये बोलून लिहायला शिकवलं होतं. ती बोलायची, फोन लिहायचा आणि आलेली उत्तरं वाचूनही दाखवायचा. त्याला पूर्णविराम कळत नव्हते. "आत्या, तिथे या विषयातली जाणकार माणसं आहेत, त्यांना विचार," असं विनयाने सांगितलं होतं. आणि म्हातारीने विचारलं होतं. दर वेळी विचारलं होतं.

चार-पाचशे माणसांच्या पुढ्यात एक बाई मदत मागत होती, आणि त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पहिली टाळी तिची स्वतःची. तिला आयुष्यात क्वचितच लाज वाटली होती. आता वाटली आणि चांगली कडकडून वाटली.

"तुम्ही किती दिवस बोलताय अशा?"

"तू सांगितल्यापासून, बाय. तूच ना ती ज्ञानदा? तू लिवलंस ना, गप बसलं का तो जवळ येतो. तुझं लिवणं येईपरयंत तो विहिरीपाशीच होता गं, मला भ्या पन नव्हतं, उलट बरं वाटायचं, आता घसा गेला, डोळा लागू देत नाही, तर त्या पातेल्यात..."

बाकी काही असो, ज्ञानदा हातपाय गाळून बसणाऱ्यांतली नव्हती. नियम तिने केला होता, तर मोडायचा हक्कही तिचाच. ती खाटेपाशी गेली आणि म्हातारीचे दोन्ही हात धरून ठणकावून म्हणाली, "काकू, ऐका माझं. ते मी मनाने रचलं होतं. खोटं आहे ते. गोष्ट रंगावी म्हणून लिहिलं. तुम्ही गप्प बसा. झोपा. काही होत नाही."

म्हातारी बोलता बोलता अडखळली. "नक्की ना गं?"

"नक्की. मी बसते इथे."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. सगळं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तशी ती खाटेवर कलंडली, भिंतीकडे कूस वळवली आणि ज्ञानदाने तिच्या अंगावर नवी शाल घातली. थोड्याच वेळात ती निवांत झाली, श्वासाची खरखरही थांबली.

किती शांत होतं घर! बागेत केळीची वाळकी पानं एकमेकांवर घासत होती. दूर कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, तोही बंद पडला. ज्ञानदाने समाधानाने फोन काढला. आजच्या आज ग्रुपवर लिहायचं की खेळ संपला, ही बाई खरी आहे, तिची माफी मागायला रांगेने या सगळे. तिने पहिली ओळ लिहिली आणि स्वतःशीच पुटपुटली, "झालं एकदाचं."

"हं."

दारातून. पुरुषाचा, वयस्कर, अगदी सवयीचा. पेपर वाचता वाचता द्यावा तसा.

ज्ञानदाने दाराकडे पाहिलं. उन्हाचा चौकोन उंबऱ्यावर पडला होता. बाकी काही नव्हतं.

"कोण... शेजारचे का?"

"हं."

तिने श्वास रोखला. डोकं मात्र ठिकाणावर होतं. भूत असेल तर पाय कुठे टेकतं, आवाज कुठल्या छातीतून येतो, असे तिचे नेहमीचे प्रश्न ती एकेक आठवत गेली. तेवढ्या शांततेत उन्हाचा तो चौकोन मधोमध किंचित काळवंडला. ओल्या दगडाचा, शेवाळ्याचा वास आला. विहिरीत वाकून पाहिल्यावर येतो तो. काळवंडलेला भाग उंबरा सोडून आतल्या फरशीवर आला.

"थांबा!" ती ओरडली. "मी... मी बोलतेय. माझं नाव ज्ञानदा. आचोळ्याला राहते."

"हं," आणि तो भाग होता तिथे थांबला.

तर मंडळी, बोलणं ही काही ज्ञानदाला जड जाणारी गोष्ट नव्हती. तिने बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता खाटेपाशी सरकली. दार अडलेलं होतं, आणि म्हातारीला टाकून खिडकीतून उडी मारण्याइतकी ती हलकी नव्हती. शब्द दिला होता तिने. लिहिण्यासाठी थांबायची सोय नव्हती, म्हणून तिने फोनमधलं बोलून लिहायचं बटण दाबलं. ग्रुपवर उमटलं ते असं:

'मी ज्ञानदा भुईगावात आहे चुरी काकू खऱ्या आहेत हा अनुभव नाही हे खरं आहे तो दारातून आत आलाय मला थांबता येत नाही कुणीतरी या क्रुसापासून डावीकडे लवकर या'

बोलत बोलतच तिने खाली पाहिलं. पहिलं उत्तर लगेच आलं.

'विश्वास आहे.'

मग दुसरं. 'विश्वास आहे. ताई, विरामचिन्हं काढून टाकलीत, वा!' मग चंदनसारचा केयूर, जो इथून फार तर तासाभराच्या वाटेवर होता. 'विश्वास आहे. ताई, गप्प बसू नका, नाहीतर तो जवळ येईल.' त्यापुढे हसरा चेहरा. मग ओळीवर ओळी, विश्वास आहे, विश्वास आहे, विश्वास आहे. आणि प्रत्येक ओळीबरोबर फरशीवरचा तो काळा भाग जरा जास्त गडद, जरा जास्त माणसाएवढा होत होता.

तिने नेत्राला फोन लावला, बोलणं न तोडता. नेत्राने उचलला नाही. ग्रुपवर मात्र ती होती. संग्राम नावाच्या एका नव्या मुलाने मध्येच लिहिलं, 'ताई, खरंच का? मी जवळच, निर्मळला आहे. येऊ का?'

"ये!" ज्ञानदा किंचाळली. "संग्राम, ये, क्रुसापासून..."

फोनने तिचे शब्द लिहायला घेतले. ते पोचायच्या आत पडद्यावर बारीक अक्षरांत एक ओळ आली, नेत्राने संग्रामला ग्रुपमधून काढले आहे.

ज्ञानदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण आवाज तिने ढळू दिला नाही. तिने ग्रुप कसा सुरू केला ते सांगितलं. लहानपणी आजोळी कसली गोष्ट ऐकली ते सांगितलं. प्रत्येक वाक्याअखेर न चुकता, जवळजवळ मायेने, "हं" येत होतं. ती धीराने विचार करत होती. संध्याकाळ होईल, कुणीतरी दिवा लावायला, दूध द्यायला येईलच. तोपर्यंत आपण एकट्या नाही. काकू उठल्या की आळीपाळीने बोलू. दोघी असलो की पुष्कळ झालं.

"काकूंना जरा झोपू द्या," ती दाराकडे बघत म्हणाली. "मग आम्ही दोघी बोलू तुमच्याशी."

"हं," दारातून आलं.

"हं," पाठीमागून, खाटेवरूनही आलं. बाईचा आवाज होता तो. स्वच्छ, मोकळा, घसा कधी बसलाच नव्हता असा.