अकरा लाल ठिपके

मिरजेच्या पेशीविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. मृणालिनी केसकर बाही वर करून बसल्या होत्या. दंडावर मोहरीएवढे अकरा लाल ठिपके. ना खाज, ना दुखणं. ते सकाळीच दिसले होते. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात अशीही होते, हे त्यांनीच विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

त्वचातज्ज्ञ डॉ. इलियास मुजावर यांनी ठिपक्यांवर काच दाबून पाहिली. ते फिके पडले नाहीत; म्हणजे लाली रक्तवाहिन्यांबाहेर, त्वचेत उतरलेली होती.

"नवं औषध, ताप, जोराचा खोकला?"

"काही नाही. माझ्या रक्तातल्या प्लेटलेट्स?"

"उत्तम आहेत." इलियासनी एका ठिपक्यातला कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बराच वेळ मान वर केली नाही. "मॅडम, तुम्ही रक्षकपेशी कधी घेतल्या?"

"कधीच नाही."

रक्षकपेशी ज्याच्या त्याच्याच पेशींपासून घडवत. त्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या वाढत, कर्करोगाची गाठ अंकुरताच ती संपवत आणि त्वचेपाशी येऊन लाल रंग सोडून मरत. एक ठिपका म्हणजे एक टळलेली गाठ.

"माझ्या पेशी कुणी काढल्याच नाहीत, तर घडवल्या कशा?" मृणालिनींनी विचारलं.

"जनुकं तपासू या."

दुपारी इलियास अहवाल घेऊन आले. "या पेशींतली अर्धी जनुकं तुमची आहेत. उरलेली अर्धी कुणाची, ते कळत नाही."

मृणालिनींनी अहवाल दोनदा वाचला. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याची. शाल्मली पोटात होती ना, तेव्हा त्यांच्या घराण्यातला कर्करोगाचा दोष तिच्यात उतरल्याचं कळलं. पाचव्या महिन्यात नाळेतून तिला तिच्याच रक्षकपेशी टोचल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं झाली."

"आणि बाळाच्या पेशी गर्भाशयातली वार ओलांडून आईच्या रक्तात येतात," इलियास म्हणाले. "काही तिथंच राहतात."

"परक्या असूनही माझ्या शरीरानं त्या हाकलल्या नाहीत. तिलाही नऊ महिने हाकललं नव्हतं."

इलियास हसले. मृणालिनींनी लेकीला फोन लावला.

"आई, कामात आहे गं. काही विशेष?"

"नाही. तू जन्मायच्या आधीपासून माझी काळजी घेतेयस, एवढंच सांगायचं होतं."

"आई, नीट सांग बघू."

मृणालिनी खुर्चीत ऐसपैस टेकल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.